धावते कुंपण : चौदा दिवसांचे शिल्प

भूमिकला, म्हणजे निसर्गभूमीलाच माध्यम मानणारी कला, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजली आणि ख्रिस्तो व जान-क्लोद या दांपत्याने तात्पुरतेपणालाच आपल्या कलाकृतींचे मर्म मानले. सप्टेंबर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी उभारलेले ‘रनिंग फेन्स’, म्हणजे धावते कुंपण, सुमारे ३९ किलोमीटर लांब व ५.५ मीटर उंच होते; पोलादी खांबांवर ताणलेले पांढरे नायलॉन वाऱ्याने शिडासारखे फुगत, टेकड्यांचे चढउतार रेखीत बोडेगा उपसागरापाशी समुद्रात उतरे. ५९ पशुपालकांची संमती आणि १८ जाहीर सुनावण्या यांनाही हे दांपत्य कलाकृतीचाच भाग मानी. चौदा दिवसांनी कुंपण उतरवण्यास प्रारंभ झाला, साहित्य पशुपालकांना मिळाले आणि कुरणे पूर्ववत झाली. निसर्गाचा आदर राखणाऱ्या भव्यतेचा हा वस्तुपाठच होय.