स्वर्गारोहण व उपदेश

पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी येशू ख्रिस्त स्वर्गात घेतला गेला ही श्रद्धा, आणि तिच्याशी जोडलेली शिष्यांची उपदेशाची जबाबदारी, यांविषयीचा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील विचार. ‘प्रेषितांची कृत्ये’ (१:८-११) या ग्रंथात येशू निघण्यापूर्वी शिष्यांना साक्षीदार नेमतो. ढग त्याला दृष्टिआड करतो आणि आकाशाकडे टक लावून उभ्या असलेल्या शिष्यांना शुभ्र वस्त्रांतले दोन पुरुष हटकतात. मार्ककृत शुभवर्तमानात (१६:१५-२०) आधी आज्ञा, मग आरोहण आणि लागलीच सर्वत्र घोषणा असा क्रम आहे. सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत मात्र हा भाग नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:८-११) सुवार्तिक, पाळक व शिक्षक ही वर गेलेल्या ख्रिस्ताचीच दाने मानली आहेत. उपदेशकाच्या अधिकाराचे मूळ येथे आहे. ख्रिस्ताने बंदिवान आत्म्यांना केलेली घोषणा (१ पेत्र ३:१९) नेमकी केव्हाची, याविषयी मतभेद आहेत.

सण : पुनरुत्थानानंतरचा सहावा गुरुवार, भारतातील लॅटिन विधीचे कॅथलिक तो पुढच्या रविवारी पाळतात.

मराठीत उपदेशाच्या या आज्ञेला सर्वांत भरदार रूप फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त मिळाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी ओवीचा आश्रय घेतला, कारण पुराण ऐकण्याची सवय त्यांच्या कानांत मुरलेली होती. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र स्वर्गारोहणापर्यंत येते. तो चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई. उपदेश असा श्रोत्यांच्या चालीत उतरवणे हीच स्टीफन्सची थोरवी. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवर निर्बंध घातले. पुढे मंगळूरकडील ख्रिस्ती घरांनी ‘ख्रिस्तपुराणा’ची हस्तलिखिते जपली आणि जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये तेथेच नवी आवृत्ती काढली.

बंगळूर : ‘ख्रिस्तपुराणा’च्या या प्रवासाचा पुढचा टप्पा या शहरात आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने मोलाचे काम येथील क्रिस्तु ज्योती प्रकाशनाचे आहे. सेलेशियन संघाचे फादर नेल्सन फाल्काव यांनी संपादित केलेले ‘ख्रिस्तपुराण’ अर्वाचीन मराठी गद्यरूपासह २००९ मध्ये आणि इंग्रजी अनुवादासहची आवृत्ती २०१२ मध्ये येथूनच निघाली. जुनी ओवी अडली, तर तिचा अर्थ आता साध्या मराठीत वाचता येतो.