शिशाचा छर्रा आणि सत्त्याण्णव वर्षे

ज्याचा जन्म कामगार संघटनेत गेला, तो माणूस आज बदकांच्या शिकारीवर बोलायला उभा राहिला याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी बंदूक कधी हातात धरलेली नाही आणि अमेरिकेतील दलदली मी पुस्तकातच पाहिल्या आहेत. पण शिसे हा धातू माझ्या ओळखीचा आहे. छापखान्यात खिळे जुळवून म्हातारे झालेले कामगार, रंगारी, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळणारे मजूर यांच्यामुळे ही ओळख झाली. त्या धातूचा इतिहास वाचता वाचता मी बदकांपर्यंत जाऊन पोहोचलो. तेथे जे दिसले ते आपल्याही उपयोगाचे आहे, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

प्रथम छऱ्याची गोष्ट. पक्षी मारण्याच्या बंदुकीत एक गोळी नसते. काडतुसात बारीक गोल छरे भरलेले असतात. हे छरे अगदी गोल कसे करावेत हा जुना प्रश्न होता. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात विल्यम वॉट्स नावाच्या एका नळकाम करणाऱ्या कारागिराने तो सोडवला आणि 1782 साली त्याचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून खाली सोडायचे. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो आणि खालच्या पाण्यात पडून थिजतो. यासाठी मग उंच मनोरे उभे राहिले. शिसे जड, मऊ, स्वस्त आणि लवकर वितळणारे. छऱ्यासाठी याहून सोयीचा धातू शोधून सापडला नसता.

हे शिसे विषारी आहे ही गोष्ट तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती काय? चांगली ठाऊक होती. इटलीतील वैद्य रामाझिनी याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. शिशाचा लेप वापरणाऱ्या कुंभारांचे हात कसे कापतात आणि पुढे लुळे पडतात हे त्यात आहे. बेंजामिन फ्रँकलिन हा मूळचा मुद्रक. 1786 साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या तरुणपणीची आठवण दिली आहे. लंडनच्या छापखान्यात तो थंडीत खिळे विस्तवापुढे शेकून घेई. एका वृद्ध सहकाऱ्याने त्याला बजावले की असे करणाऱ्या दोघांचे हात जवळजवळ निकामी झाले आहेत. एखादे उपयुक्त सत्य समजल्यापासून लोकांच्या आचरणात येईपर्यंत किती काळ लोटतो, याबद्दलही त्याने त्या पत्रात खंत व्यक्त केली आहे. पुढचा सारा इतिहास म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे.

आता बदकाकडे येऊ. पक्ष्याला दात नसतात. तो बारीक खडे गिळतो आणि पोटातील जाड स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांच्या साह्याने दाणे भरडतो. आपल्या घरच्या जात्यासारखेच ते काम. एका काडतुसात दीडशेच्या आसपास छरे असतात. त्यांतले चारदोन पक्ष्याला लागतात, बाकीचे पाण्यात पडतात. ज्या दलदलीत वर्षानुवर्षे शिकार चालते तेथे तळाच्या चिखलात छऱ्यांचा साठा होत जातो. बदक खडा किंवा बी समजून छरा उचलते. जाते तो छरा झिजवते, पोटातील आम्ल तो विरघळवते आणि शिसे रक्तात जाते. पंख गळतात, आतडे थांबते. गळ्यापाशी दाणे साठलेले असूनही पक्षी उपासमारीने झिजून दोनतीन आठवड्यांत मरतो. कधीकधी एवढ्याला एक छराही पुरतो. आजारी पक्षी गवतात लपतो, त्याचे प्रेत कोल्हे आणि इतर प्राणी खाऊन टाकतात. म्हणून हे मरण सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. कामगारांचे पुष्कळसे रोगही याच रीतीने दडून राहतात. माणूस गावी जातो आणि तिकडेच संपतो.

अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादकाने 1894 साली आपल्या शिकारविषयक साप्ताहिकात या विषबाधेविषयी लिहिले. तो स्वतः शिकारी होता. 1919 मध्ये अलेक्झांडर वेटमोर या शास्त्रज्ञाने सरकारच्या कृषिखात्यातर्फे या विषयावर पुस्तिका प्रसिद्ध केली. 1959 साली इलिनॉय राज्यातील फ्रँक बेलरोज याने आपल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष मांडला: उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी शेकडा 2 ते 3 या विषाने मरतात.

याच इलिनॉय राज्यात 1910 च्या सुमारास डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन ही बाई शिशाच्या कारखान्यांतून हिंडत होती. कामगार हात धूत नाहीत म्हणून आजारी पडतात, असे मालकांचे म्हणणे असे. तिने दाखवून दिले की विष मुख्यतः धुळीतून आणि वाफेतून, श्वासावाटे शरीरात जाते. तेव्हा साबणाचे उपदेश पुरे नाहीत, कारखान्याची हवा सुधारली पाहिजे. 1911 साली तेथे व्यवसायजन्य रोगांचा कायदा झाला. एकाच राज्यात माणसांवरील आणि पक्ष्यांवरील शिशाचा अभ्यास झाला. माणसांचा कायदा लवकर आला, बदकांना मात्र ऐंशी वर्षे थांबावे लागले. बदकांची संघटना नसते, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

पण शिकाऱ्यांना खलपुरुष ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. 1934 च्या कायद्याने अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे लागू लागले आणि त्या पैशातून लाखो एकर पाणथळ जमीन राखली गेली. त्यांच्या अडचणीही खऱ्या होत्या. शिशाऐवजी पुढे आला पोलादाचा छरा, म्हणजे खरे तर मऊ लोखंडाचा. शिसे पाण्याच्या 11.3 पट जड, तर लोखंड 7.9 पट. हलका छरा हवेत लवकर मंदावतो. दूरचा पक्षी मरण्याऐवजी घायाळ होऊन निसटेल, ही शंका रास्त होती. शिवाय लोखंड कठीण. जुन्या पातळ नळीच्या बंदुकीला ते घातक. आजोबांची बंदूक टाकून द्यायची काय, असा प्रश्न घरोघर निघाला. त्यातच शिसे हे निमित्त असून हळूहळू शिकारच बंद करण्याचा हा डाव आहे, असा संशय पसरला.

1976 साली सरकारने काही भागांत पोलादी छऱ्याची सक्ती सुरू केली. नॅशनल रायफल असोसिएशनने न्यायालयात धाव घेतली आणि ती हरली. पण 1978 मध्ये अलास्काचे सिनेटर स्टीव्हन्स यांनी एक दुरुस्ती मंजूर करून घेतली: राज्याची संमती असल्याशिवाय या नियमाच्या अंमलबजावणीवर केंद्राचा पैसा खर्च होऊ नये. न्यायालयात मिळालेले अंदाजपत्रकातून कसे काढून घेता येते, हे आम्हा संघटनावाल्यांना नव्याने सांगायला नको.

कोंडी फुटली ती गरुडामुळे. पांढऱ्या डोक्याचा गरुड हे अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह. छरे लागलेली किंवा विष भिनलेली बदके खाऊन हे गरुड मरत असल्याचे दिसून आले. 1985 साली नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने धोक्यातील प्राण्यांच्या कायद्याखाली दावा लावला. पुढच्या वर्षी सरकारने टप्प्याटप्प्याने बंदीचा कार्यक्रम जाहीर केला आणि 1991 साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छरा देशभर बंद झाला. ग्रिनेलच्या लेखापासून सत्त्याण्णव वर्षे!

मग शिकार बुडाली काय? नाही. शिकारी शिकले. पोलादाचा छरा दोन आकार मोठा घ्यावा. शिशाचा 4 क्रमांकाचा वापरत असू तर पोलादाचा 2 क्रमांकाचा घ्यावा, कारण क्रमांक लहान तितका छरा मोठा. पक्षी जवळ येऊ द्यावा. लांबचा बार टाळावा. नळी घासू नये म्हणून काडतुसात प्लॅस्टिकची जाड वाटी आली. जुन्या बंदुकीसाठी बिस्मथचा मऊ छरा निघाला. तो ठिसूळ असल्याने त्यात कथील मिसळतात. टंगस्टनच्या मिश्रणाचे छरे जडपणात शिशाच्या बरोबरीला आले, पण ते महाग पडतात. नवा छरा बाजारात येण्यापूर्वी तो पक्ष्यांना विषारी नाही हे उत्पादकाने सिद्ध करायचे, असा नियम ठरला. मला या साऱ्या इतिहासात हाच बदल सर्वांत मोठा वाटतो. आधी मेलेल्याच्या बाजूने पुरावा आणावा लागे. आता तो विकणाऱ्याकडून मागितला जाऊ लागला.

आणि फळ? 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिसिसिपीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या मॅलार्ड बदकांतील शिशाचे मृत्यू शेकडा 64 ने घटल्याचा अंदाज निघाला. 1997 या एका वर्षात उत्तर अमेरिकेत सुमारे 14 लक्ष बदके वाचली असावीत, असेही त्यात म्हटले आहे. डेन्मार्कने 1996 साली शिशाचे छरे सर्वच शिकारीत बंद केले. युरोपीय संघात पाणथळ जागी त्यांचा वापर 2023 च्या फेब्रुवारीपासून बंद आहे.

आपल्याकडे वाट निराळी झाली. 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि 1991 च्या दुरुस्तीने आपल्या देशात शिकारच जवळजवळ संपली. पण नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात उतरणारी थापट्या आणि तलवार बदके अनेक देशांच्या पाण्यावरून येतात. तिकडच्या चिखलातले शिसे हा त्यांच्यापुरता आपलाही प्रश्न आहे.

राहता राहिला माणूस. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा अगदी पहिली होती. तरीही गल्लीबोळांत उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे गाळले जाते, आणि त्या धुरात मुले खेळतात. बदकांसाठी सत्त्याण्णव वर्षे लागली, कारण पुरावा असूनही तो मागणारे थोडे होते. त्या मुलांसाठी आपण किती वर्षे घेणार आहोत, एवढे घरी जाताना मनाशी ठरवा. माझी विनंती इतकीच आहे.