नाव, अक्षर आणि मत

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले. विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली यांचा आश्रम, एवढीच त्या संस्थेची ओळख बहुतेकांस असते. परंतु मताधिकाराचा इतिहास पाहू लागले, तर केडगावच्या कार्याचा एक निराळाच अर्थ ध्यानात येतो. त्यासाठी आरंभ थोडा मागून करावयास हवा.

1873 साली पुण्यात जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो त्यांनी अर्पण केला होता. त्याच वर्षी, 13 एप्रिल रोजी, त्याच अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या तंट्यावरून भीषण हत्याकांड झाले. न्यायकचेरीच्या रक्षणासाठी जमलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. शरण आलेल्यांनाही गोळ्या घालण्यात आल्या. मृतांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. ज्या थोड्यांवर गुन्हा शाबीत झाला, तेही 1876 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. वर्णावरून कोणाचे मत नाकारू नये, हे कलम घटनेत 1870 सालीच आले होते. पण कलम कागदावर आणि बंदूक दारात, अशी ती अवस्था होती.

पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेत पोहोचल्या. 1889 साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी तेथील लोकसत्तेची आणि स्त्रियांच्या संस्थांची मनःपूर्वक प्रशंसा केली. पण गुलामगिरीचा डाग झाकून ठेवला नाही. वायोमिंगच्या स्त्रियांस 1869 पासून मत होते, कॅन्ससमध्ये 1887 साली नगरपालिकेपुरते मिळाले. बाकी बहुतेक ठिकाणी स्त्रिया अजून झगडतच होत्या.

स्वदेशी परतल्यावर, 1889 च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिल्या, त्यांत रमाबाई होत्या. काँग्रेसच्या व्यासपीठावरून स्त्रीचा आवाज मात्र पुढील वर्षी कलकत्त्यास, कादंबिनी गांगुली यांच्या रूपाने उमटला.

1890 साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने बंदुकीचे काम कायद्याकडे सोपविले. मतदारावर कर बसविला. शिवाय त्याने घटनेतील उतारा वाचावा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा, अशी अट घातली. परीक्षा घेणारा गोरा, निकाल देणाराही गोरा. ज्यांच्या वाडवडिलांस वाचावयास शिकणे हाच गुन्हा ठरविला होता, त्यांच्यासमोर आता अक्षराचेच कुंपण उभे राहिले.

नेमक्या त्याच दशकात केडगावास अक्षराचा उलट उपयोग सुरू झाला. 1896–97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो स्त्रिया व मुली आणल्या. 1900 च्या सुमारास आश्रमातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांना लिहिणे-वाचणे शिकविले, विणकाम, शेती यांसारखे उद्योग शिकविले. छापखान्यात खिळे जुळविण्याचे कामही स्त्रियाच करू लागल्या. ज्यांना कोणी मोजत नव्हते, त्यांच्या हातांनी ग्रंथ छापून निघू लागले.

पुण्यात 1882 साली पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात वावरलेल्या रमाबाई रानडे पुढे मुंबई इलाख्यातील स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी राहिल्या. 1921 साली कायदेमंडळाने स्त्रियांस मत दिले; परंतु मालमत्तेची अट कायम असल्याने लाभ थोड्यांनाच झाला. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, केडगावास पंडिता रमाबाईंचे निधन झाले.

स्वतंत्र भारताच्या घटनेने मालमत्ता आणि अक्षरज्ञान या दोन्ही अटी काढून टाकल्या. निरक्षरालाही मत देता यावे म्हणून 1951–52 च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली पेटी ठेवली गेली. तरीही सुमारे 28 लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळाली. कारण साधे होते: अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्यांनी नोंदविले होते, स्वतःचे नाव सांगितले नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेत कायद्याची ही कुंपणे मोडावयास 1965 साल उजाडावे लागले.

हक्क देणारा कायदा एका दिवशी होतो. हक्क बजावणारा माणूस घडावयास पिढ्या लागतात. त्याला जिवाची शाश्वती लागते, स्वतःचे नाव उच्चारण्याचे धैर्य लागते. बंदूक त्याला पहिलीपासून तोडते, रूढी दुसऱ्यापासून. मुंबई इलाख्यातील कायदेमंडळाने स्त्रियांस मत दिले नव्हते, तेव्हा केडगावच्या पाटीवर निराधार मुली आपापली नावे गिरवीत होत्या. पुढे मतदारयादीत जी नावे लागणार होती, त्यांचा धडा तेथे आधीच सुरू झाला होता.