अकरा सेकंदांचं विमान

सोनाराच्या वजनकाट्यावर माझं विमान 19 ग्रॅम भरलं. मला 16 हवे होते. पॅरिसच्या अल्फोन्स पेनोने 1871 मध्ये उडवलेलं, रबराच्या पिळावर चालणारं विमान 16 ग्रॅमचं होतं आणि त्यातले 5 ग्रॅम नुसतं रबर. पंखांचा पसारा 45 सेंटीमीटर, लांबी 51, पंखा मागच्या टोकाला. त्याच मापाचं विमान मी बाल्साच्या काड्या आणि पतंगाचा कागद वापरून करत होतो. बाल्सा हे इक्वेडोरकडचं झपाट्याने वाढणारं झाड. स्पॅनिशमध्ये बाल्सा म्हणजे तराफा. मॉडेलवाल्यांच्या हाती हे लाकूड विसाव्या शतकात आलं, पेनोला ते मिळालं नव्हतं. तरी माझं विमान तीन ग्रॅमनी जड, कारण प्रत्येक सांध्यावर मी फेव्हिकॉल सढळ हाताने लावला होता. सांधे खरवडून पुन्हा जोडले.

कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो, तिथे पहिल्यांदा मॉडेल केलं. रबराला पीळ द्यायचा, एक गाठ पडते, मग गाठींवर गाठी चढतात, तेव्हा थांबायचं. एवढं शिकलो, पण ही युक्ती कोणाची ते माहीत नव्हतं. ती पेनोची, हे समजायला बरीच वर्षं लागली, आणि तेव्हापासून हा माणूस मनातून गेलेला नाही.

पेनो 1850 साली पॅरिसमध्ये जन्मला. वडील आरमारात ॲडमिरल. मुलालाही तिकडेच जायचं होतं, पण खुब्याच्या दुखण्याने ती वाट बंद झाली. मग तो उड्डाणाच्या मागे लागला. त्याच्या आधीच्या लोकांनी छोटी यंत्रं उडवायला व्हेलच्या हाडाची धनुकली वापरून पाहिली होती, घड्याळाची स्प्रिंग वापरली होती. स्प्रिंग जड पडायची. पेनोने 1870 मध्ये पीळ दिलेलं रबर वापरलं आणि त्यावर एक छोटं हेलिकॉप्टर उडवलं.

पुढचे काही महिने पॅरिसला फार वाईट गेले. प्रशियाच्या वेढ्यात शहरातलं टपाल फुग्यांतून बाहेर जात होतं. मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या बंडातल्या रक्तपातात तुइलेरीचा राजवाडा जळाला. त्या जळक्या राजवाड्यालगतच्या बागेत 18 ऑगस्ट 1871 रोजी एकवीस वर्षांच्या पेनोने जाणकारांसमोर आपलं विमान सोडलं. ते 11 सेकंद हवेत राहिलं आणि सुमारे 40 मीटर गेलं.

पण खरी गोष्ट आहे ती शेपटीची. माझं विमान गच्चीवरून सोडलं तेव्हा तीनदा नाकावर आपटलं. शेपटी मी पंखाच्या अगदी समांतर चिकटवली होती. मग ती सोडवली, काड्यापेटीतली काडी उभी चिरून शेपटीच्या मागच्या कडेखाली सरकवली. मागची कड जेमतेम दीड मिलिमीटर उचलली गेली असेल. चौथ्यांदा सोडलं तर विमान नाक खाली घालायला लागलं, वेग आला, वेगासरशी हवेने शेपटी खाली दाबली आणि नाक आपोआप वर आलं. आत वैमानिक नाही, दोरी नाही, तरी विमान स्वतःला सावरतं. पेनोने शेपटी पंखापेक्षा अशीच खालच्या कोनात बसवली होती आणि डावी-उजवीकडे तोल राहावा म्हणून पंखांची टोकं वर वळवली होती. हे त्याला नुसतं जमून गेलं नव्हतं. असं का होतं, याची त्याने नीट मांडणीही केली होती.

1878 मध्ये अमेरिकेत बिशप मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी पेनोच्या धर्तीचं रबरावर उडणारं हेलिकॉप्टर आणलं. विल्बर अकरा वर्षांचा, ऑर्व्हिल सात. खेळणं मोडल्यावर त्यांनी तसंच मोठं करायचा प्रयत्न केला, ते नीट उडेना. त्या पोरांनी पुढे 17 डिसेंबर 1903 रोजी केलेलं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं होतं आणि अंतर 120 फूट, म्हणजे 37 मीटरही नाही. तुइलेरीच्या बागेतलं 16 ग्रॅमचं विमान त्याच्या 32 वर्षं आधी त्याहून किंचित लांब गेलं होतं. माणूस नेणारं यंत्र ही वेगळीच झेप, हे मला मान्य आहे. तरी या दोन आकड्यांकडे मी पुन्हा पुन्हा बघतो.

पेनोने 1876 मध्ये पॉल गोशो या मेकॅनिकबरोबर पाण्यावरून उडू शकेल अशा मोठ्या विमानाचं पेटंट घेतलं. ते बांधायला पैसा मिळाला नाही, टीका मात्र भरपूर झाली. 1880 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आपली रेखाचित्रं एका छोट्या शवपेटीत घातली, फुगेतज्ज्ञ आंरी जिफार यांच्या घरी पोचवली आणि आत्महत्या केली. वय तीस.

तुमच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याच्याबरोबर एक रबराचं विमान करा. डिंक कमी लावा, शेपटीची मागची कड किंचित उचला. मूल विचारेलच, ती तिरकी का म्हणून. तेव्हा उत्तर देताना पेनोचं नाव घ्या.