बेडकाच्या डोळ्यातली लाली

जपून पाय टाका. रोमच्या या गल्लीतले दगड गुळगुळीत झिजलेत आणि तुम्हाला आत्ता काहीच दिसत नाहीये. मोबाईल मात्र काढायचा नाही. साल 1876 आहे. गॅसचा शेवटचा दिवा मागच्या वळणावरच राहिला. भिंत चाचपत चला. तळहाताला खरबरीत गिलावा लागतो, दिवसभराची ऊब अजून त्यात आहे. नाकात घोड्यांच्या लिदीचा आणि टायबर नदीच्या गाळाचा वास.

थोडा धीर धरा. अर्ध्या तासात चौकट दिसेल, पायरी दिसेल, पायरीवरचं मांजरही. सगळं राखाडी. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना एवढ्याशा उजेडात काम जमत नाही. आत्ता दंडपेशींचा अंमल आहे. तुमच्या एकेका डोळ्यात त्या सुमारे 12 कोटी आहेत.

आणखी एक गंमत. तुम्ही पुण्याहून आलात ना? तिथे केव्हाच उजाडलंय. प्रत्येक दंडपेशीत पोळ्यांच्या चवडीसारख्या बारीक चकत्या असतात. बुडाशी नव्या तयार होतात, टोकाच्या जुन्या गळतात, शेजारचा पेशींचा थर त्या गिळून टाकतो. दहाएक दिवसांत अख्खी चवड नवी! ही गळती सकाळी जोरात असते. उंदरांना सतत अंधारात ठेवलं तरी त्यांच्या चकत्या ठरल्या वेळेलाच गळतात. म्हणजे इथे ठार काळोखात ठेचकाळताना तुमच्या डोळ्यांत बहुधा पुण्याची सकाळ चालू होती.

घंटा सुरू झाल्या. एक थांबेपर्यंत दुसरी. भाजीच्या गाड्यांची चाकं खडखडतात, कोंबड्यांची टोपली घेतलेली बाई तुम्हाला कोपराने बाजूला सारते, भट्टीतून पावाचा वास येतो. गर्दीतून वाट काढत या प्रयोगशाळेत शिरा. हा फ्रान्झ बोल, जर्मन, इथला शरीरशास्त्राचा प्राध्यापक, वय 27. तीन वर्षांनी क्षय त्याला नेणार आहे. ते त्याला सांगू नका.

झाकलेल्या भांड्यात रात्रभर अंधारात ठेवलेले बेडूक आहेत. चिखलाचा, शेवाळाचा ओला वास. बोलचे हात भराभर चालतात, कारण वेळ फार थोडा आहे. डोळा उघडतो, चिमट्याने दृष्टिपटल सोडवतो, उजेडाकडे धरतो. वाका, पाहा! लाल. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. आणि तुम्ही पाहताय तोवर ते पिवळट, मग फिकट, मग बेरंग.

ज्या उजेडात ती लाली दिसली, त्याच उजेडाने ती पुसली. दंडपेशीतलं ते रंगद्रव्य उजेडाचा कण झेलतं, स्वतःचा आकार बदलतं, तिथूनच पाहणं सुरू होतं आणि रंग उडतो. जिवंत बेडूक परत अंधारात ठेवला की लाली पुन्हा भरते. मघाशी गल्लीत भिंत हळूहळू उमटली, तेव्हा तुमच्या डोळ्यांतही हीच भरती चालली होती. माणसं हजारो वर्षं अंधाराला डोळे सरावण्याची वाट पाहत आली. त्या सरावण्याला रंग असतो, हे या खोलीत कळतंय.

बोल पुढचं झाकण उचलतो. खिडकीतून ऊन आत आलंय. तुम्ही नकळत सरकता आणि त्या बेडकावर आपली सावली धरता.