महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
आरोग्यसेवेच्या शिक्षणासाठी १९९८ च्या कायद्याने स्थापन झालेले राज्य विद्यापीठ. विद्यापीठ शहराच्या उत्तरेला म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर. कार्यक्षेत्र मात्र अख्खा महाराष्ट्र.

पूर्वी वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली होती. आता ॲलोपॅथी, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे अभ्यासक्रम, परीक्षा व पदव्या या एकाच छत्राखाली आहेत.

शिकवणे घडते संलग्न महाविद्यालयांत आणि रुग्णालयांच्या वॉर्डांत. बीएस्सी नर्सिंगची विद्यार्थिनी चार वर्षांत नाडी मोजण्यापासून बाळंतिणीच्या शुश्रूषेपर्यंत सारे रुग्णाच्या खाटेजवळ शिकते. सामुदायिक आरोग्याच्या विषयासाठी वस्त्यांमध्ये घरभेटीही देते. एमबीबीएस उत्तीर्ण झाल्यावर वर्षभराची इंटर्नशिप सक्तीची असते.