नादाची उदयास्तरेषा

सतारीची तार छेडतांच नाद उसळतो आणि हळूहळू विरतो; सनईचा सूर फुंक असेपर्यंत टिकतो. नादाच्या या उदयास्ताच्या रेषेस 'एन्व्हलप' म्हणतात. मूगच्या जुन्या यंत्रांत ती ४ खुंट्या फिरवून आंखीत.

स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग यांस १९६७ मध्यें एका लहरीनें दुसरीची कंपनसंख्या डोलवून समृद्ध नाद निर्माण करण्याची युक्ति सांपडली. पुढें १९७१ मध्यें झां-क्लोद रिसे यांचें एक निरीक्षण त्यांस आठवलें: ट्रंपेटचा आवाज चढतो तशी त्याची धारही चढते. चाउनिंग यांनीं आवाजाची रेषाच त्या डोलविण्याच्या प्रमाणास जोडली, आणि पितळी वाद्याचा भास साधला. माझ्या मतें खरा शोध हाच.

हीच विद्या घेऊन यामाहाचा डीएक्स-७ १९८३ सालीं आला. त्यांत लहरी ६. प्रत्येकीस ४ वेग व ४ पातळ्या, ० ते ९९ या अंकांत. म्हणजे एका नादाच्या केवळ या रेषांसाठीं ४८ अंक, आणि ते एकेक करून भरावयाचे! शिवाय येथें काळ लिहावयाचा नसून वेग लिहावयाचा. त्यामुळें पातळी बदलली कीं, वेग तोच असूनही, लागणारा काळ बदले. चौथी पातळी आरंभाचीही आणि अखेरचीही. ऐकूं येणाऱ्या लहरीची ती चुकून वर राहिली, तर पट्टी सोडल्यावरही सूर थांबत नसे.

बहुतेक वादकांनीं हात टेकले व कारखान्यांतून भरून आलेल्या नादांवरच काम भागविलें. म्हणून त्या दशकांतील कितीतरी गाण्यांत तोच एक विजेचा पियानो ऐकूं येतो. त्यांस आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. हार्मोनियमवाल्यास कोणी कधीं गणित घातलें आहे काय? ब्रायन ईनो यांच्यासारख्या थोड्यांनीं मात्र ते अंक चिकाटीनें बदलून पाहिले.